आधी कोणाचा निरोप? खामगावच्या तारेपासून नेटवर्क स्विचपर्यंत

१/ आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ही वऱ्हाडातील मोठी कापूसपेठ. १८७० साली ती सुमारे १३ किलोमीटरच्या लोहमार्गाने जलंब स्थानकाशी जोडली गेली; उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुंबई समुद्राखालील तारेने इंग्लंडशी जोडली गेली.

२/ कापूस गाडीने मुंबईकडे जाऊ लागला आणि लिव्हरपूलचा भाव तारेने इकडे येऊ लागला. परंतु तारा मोजक्या आणि निरोप असंख्य. रांग लागणे अटळ होते. मग प्रश्न उभा राहिला: आधी कोणाचा निरोप?

३/ १८६५ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय करारात याचे उत्तर दिलेले होते. प्रथम सरकारी तारा, मग तारखात्याच्या स्वतःच्या, शेवटी खासगी. पुढे खासगी तारांतही भेद झाला. जादा दर भरणाऱ्याची तार पुढे जाई. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

४/ रांगेचा प्रश्न मात्र उरला. १९८१ च्या इंटरनेट प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक पॅकेटच्या शीर्षभागात प्राधान्यासाठी तीन बिट राखलेले होते, म्हणजे आठ पायऱ्या. ‘रूटीन’, ‘इमिजिएट’, ‘फ्लॅश’ ही त्यांची नावे लष्करी संदेशवहनातील होती. डिसेंबर १९९८ मध्ये ही जागा नव्याने आखली गेली: सहा बिट, ६४ मूल्ये. यालाच डीएससीपी म्हणतात.

५/ आज हे काम स्विचवर कमांड लाइनने होते. सिस्कोच्या पद्धतीत ‘क्लास-मॅप’ने वर्ग ठरतो आणि ‘मॅच’ने त्याची ओळख: पत्ता, पोर्ट किंवा आधीची खूण. ‘पॉलिसी-मॅप’मध्ये त्या वर्गाचे काय करायचे ते लिहितात, उदाहरणार्थ, आवाजाच्या पॅकेटांवर ४६ ही खूण. शेवटी ‘सर्व्हिस-पॉलिसी’ने हे धोरण पोर्टला लावतात. ही शेवटची ओळ राहिली, तर आधीचे सारे कागदावरच राहते.

६/ क्रमालाही महत्त्व आहे. पॅकेट ज्या वर्गाशी प्रथम जुळते, त्याच वर्गात जाते. व्यापक नियम वर लिहिला, तर खालचा नेमका नियम कधीच लागू होत नाही.

७/ शिवाय वर्गीकरणाने तार रुंद होत नाही. एकाला पुढे घेणे म्हणजे दुसऱ्याला थांबवणे. सर्वांनाच अग्रक्रम दिला, तर तो कोणालाच मिळत नाही.

८/ म्हणूनच हा केवळ तंत्राचा प्रश्न नव्हे. कार्यालयाच्या स्विचवर दूरध्वनीला पुढे घेणे रास्त, कारण आवाजाला विलंब सोसत नाही. सार्वजनिक जाळ्यात मात्र पैसे किंवा मालकी पाहून भेद करणे निराळे. २०१६ मध्ये ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास मनाई केली. २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्व परवान्यांसाठी स्वीकारले गेले. वाजवी वाहतूक-व्यवस्थापनास मुभा राहिली.

९/ १८७० च्या रांगेत सरकार होते, व्यापारी होता. कापूस पिकवणारा नव्हता. आज ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचे भारतनेटचे उद्दिष्ट आहे. तारेच्या टोकाशी शेतकरी आला, तरी रांगेचे नियम दुसराच कोणी लिहितो. ते नियम कोणत्या कसोटीवर लिहिले गेले, हे विचारण्याचा अधिकार त्यालाही आहे.