बंदुकीचे वय

पेण-रोह्याकडच्या एखाद्या जुन्या घरात ठासणीची बंदूक असली, की तिची ओळख करून देताना घरधनी बहुधा एकच विशेषण वापरतो : ‘शिवकालीन’. या विशेषणाबद्दल आमची तक्रार नाही. मिरगड, सांकशी, अवचितगड, सुरगड, घोसाळगड यांच्या सावलीत राहणाऱ्या माणसाने दुसरा कोणता काळ सांगावा? आमचे कुतूहल वेगळे आहे. बंदूक ही अशी वस्तू, की जिचे वय पुष्कळदा तिच्या अंगावरच लिहिलेले असते. ते वाचण्याची गरज आपल्याकडे कोणालाच का वाटली नाही, आणि अमेरिकेत मात्र या वाचनाचे एक शास्त्रच का होऊन बसले? याचे उत्तर, आमच्या मते, इतिहासप्रेमात नाही. ते कायद्यात आहे.

तिकडच्या संग्राहकांचा जीव ज्या रायफलीत अडकलेला असतो, तिच्या चापाखाली बोटे अडकवण्याचे कडे असलेली एक लोखंडी दांडी असते. दांडी खाली ढकलून परत वर ओढली, की रिकामे काडतूस बाहेर उडते आणि नवे नळीत सरकते. विंचेस्टर कारखान्याचा १८७३ चा नमुना हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. पुढच्या अर्धशतकात तो सुमारे ७ लाख २० हजार इतका निघाला. आता १९६८ च्या अमेरिकी कायद्याने १८९८ अखेरपर्यंत घडवलेल्या बंदुकीला ‘पुरातन’ ठरवून तिला संघराज्याच्या बहुतेक निर्बंधांतून मोकळे केले. म्हणजे एकाच साच्यातून निघालेल्या दोन जुळ्या रायफली. एक १८९८ च्या डिसेंबरातली, दुसरी १८९९ च्या जानेवारीतली. पहिली पुराणवस्तू, दुसरी हत्यार! एका वर्षाला एवढे मोल आले म्हटल्यावर क्रमांकांच्या याद्या छापल्या जाणार, त्या याद्यांत मतभेद होणार, आणि वायोमिंगमधल्या कोडी येथील संग्रहालयात जपलेल्या कारखान्याच्या वह्यांतून दाखले मागवले जाणार, हे ओघानेच आले.

या शास्त्रातला एक सापळा साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटेल. १८७३ च्या रायफलीच्या नळीवर ठळक अक्षरांत १८६६ आणि १८६० ही वर्षे कोरलेली असतात. नवखा माणूस तीच जन्मतिथी समजतो. वास्तविक ती आधीच्या शोधांच्या पेटंटची वर्षे. रायफल त्यानंतर वीस किंवा चाळीस वर्षांनीही घडलेली असू शकते. ज्ञानेश्वरीच्या पोथीत शके १२१२ असे दिसले म्हणून ती पोथी त्या शकातली ठरत नाही, त्यातलाच हा प्रकार. ग्रंथाचा काळ वेगळा, प्रतीचा काळ वेगळा.

हिंदुस्थानात दांडीची बंदूक मोठ्या संख्येने आली ती सरकारी हातांतून : मार्टिनी-हेन्री. ब्रिटिश सैन्याने ती १८७१ मध्ये स्वीकारली. १८५७ नंतर देशी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुने हत्यार द्यावयाचे, असे धोरण होते; त्यामुळे गोऱ्यांना नवी रायफल मिळाली तेव्हा मार्टिनी देशी पलटणींकडे आली. तिच्या उजव्या अंगावर मुकुट, त्याखाली राणीची ‘व्ही. आर.’ ही अक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि रोमन आकड्यात नमुना, असा सगळा मजकूर असतो. हा मजकूर वायव्य सरहद्दीवरच्या पठाण कारागिरांनी हुबेहूब उतरवला. हुबेहूब, पण न वाचता. म्हणून त्यांच्या बंदुकांवर इंग्रजी ‘एन’ उलटा पडतो, आणि जी राणी १९०१ च्या जानेवारीत वारली तिची आद्याक्षरे पुढच्या काळातल्या वर्षांशेजारी सुखाने नांदतात. लिपी न कळणाऱ्या लेखकाची नक्कल आणि तिच्यातले हे प्रमाद पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी वर्गात जरूर दाखवावेत. याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

आमच्या दोन तालुक्यांतल्या ठासणीच्या बंदुकीवर मात्र यातले पुष्कळदा काहीच नसते. वर्ष नाही, कारखाना नाही. पाहावयाची ती तिची पेटवण्याची रीत. जळता तोडा कानाशी टेकवणारी सर्वांत जुनी. गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी त्यानंतरची. आणि तांब्याच्या टोपीवर घोडा आपटून पेटणारी सर्वांत अलीकडची. आघाताने पेट घेणाऱ्या मसाल्याचे पहिले पेटंट १८०७ चे, आणि टोप्यांचा प्रसार त्याच्याही नंतरचा. शिवाजी महाराज १६८० मध्ये निवर्तले. तेव्हा टोपीची बंदूक तिच्या आजच्या रूपात शिवकालीन असू शकत नाही, एवढे घरबसल्या सांगता येते. नळीची गोष्ट निराळी. नळी टिकाऊ, तिच्यावर तीन पिढ्यांनी तीन तऱ्हेचे घोडे बसवले असतील. जुन्या नळीला नवा घोडा आणि त्याहून नवा दस्ता, अशा वस्तूचे वय एका आकड्यात सांगण्याचा आग्रहच चुकीचा.

दगडाचे बरे असते. अवचितगडाच्या बुरुजावर शके १७१८ चा लेख आहे, आणि शकाशेजारी नळ संवत्सर दिले आहे. शकात बारा मिळवून साठाने भागले की बाकी पन्नास उरते, आणि पन्नासावे संवत्सर नळच. दोन साक्षी परस्परांशी जुळतात, काळ इ.स. १७९६. ठासणीच्या बंदुकीला अशी दुसरी साक्ष आहे का? आहे, पण ती लोखंडावर नाही, कागदावर आहे.

१८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याची सक्ती केली. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्याने परवाना कायम ठेवला. मात्र पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगण्याची वाट त्यात मुद्दाम ठेवली. रानडुकरांनी भात तुडवलेले ज्याने पाहिले आहे, त्याला ही तरतूद समजावून सांगावी लागत नाही. त्या परवान्याचे पुस्तक हीच बंदुकीची पुष्पिका. त्यावर ‘जिल्हा कुलाबा’ असेल तर तो शिक्का १९८१ पूर्वीचा, कारण त्या वर्षी जिल्ह्याचे नाव रायगड झाले. शुल्क रुपये-आण्यांत असेल तर १९५७ च्या एप्रिलपूर्वीचा. जंजिरा संस्थानचा कागद असेल तर १९४८ पूर्वीचा. यातून बंदूक केव्हा घडली ते कळत नाही. ती कोणाच्या हाती, कोणत्या कामासाठी होती ते कळते, आणि आम्हाला ते अधिक मोलाचे वाटते.

आपल्या कायद्याला बराच काळ वयाशी कर्तव्य नव्हते. पुरातन वा कालबाह्य हत्याराला त्यात सूट होती, पण ते दुरुस्त करूनही चालू शकणार नसेल तरच. म्हणजे चालती बंदूक दोनशे वर्षांची असो की वीस, कायद्याच्या लेखी ती हत्यारच होती. ना सूट, ना किंमत. मग वय कोण कशाला शोधील? त्या रिकाम्या जागी ‘शिवकालीन’ हा शब्द येऊन बसतो. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला सशस्त्र पोलीस मानवंदना देतात, तेव्हा सगळा गाव बंदुका पाहतो; त्या कोणत्या सालातल्या, हे विचारणारा आम्हाला अजून भेटलेला नाही.

आता या बंदुका चालल्या आहेत. म्हातारा परवानाधारक जातो, मुले मुंबईला किंवा पनवेलला असतात, परवाना आपल्या नावावर करून घेण्याची यातायात कोणाला नको असते. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करा, नंतर परत आणा, हेही नको होते. शेवटी एकदा ती कायमची जमा होते. मुदतीत कोणी हक्क सांगितला नाही तर सरकारजमा होते, आणि तिच्याबरोबर आजोबांच्या सहीचे ते पुस्तकही घराबाहेर पडते. ठाण्याची पावती मिळते. तिच्यावर ‘ठासणीची बंदूक, नग १’ एवढेच असते. ती देण्याआधी नळीची लांबी, घोड्याची तऱ्हा, लोखंडावरचे ठसे आणि परवान्याच्या पहिल्या पानाची नक्कल एवढे उतरून घ्यावयास एक दुपार पुरते.