‘लिमिट्रोफ’ : फौजेच्या शेतापासून शेजारी राष्ट्रांपर्यंत

रोमन साम्राज्याच्या सीमेवरील फौजांचे पोट ज्या जमिनींवर चाले, त्यांना उत्तरकालीन रोमन कायद्यात ‘लिमिट्रोफ’ म्हणत. लॅटिनमधील ‘लिमेस’ म्हणजे सीमा. तिला ‘पोसणे’ या अर्थाचा ग्रीक धातू जोडून हा शब्द घडला. सहाव्या शतकातील जस्टिनियनच्या संहितेत अशा जमिनींवर स्वतंत्र प्रकरण आहे. मराठेशाहीतला सरंजामही फौजेच्या खर्चासाठीच असे. मात्र तो सरदाराच्या नावे लागे आणि सीमेवरच असावा असे बंधन नव्हते.

फ्रेंचमध्ये या शब्दातले पोसणे गळून पडले. ‘लगतचा’ एवढाच अर्थ उरला.

राजकीय धार आली ती पहिल्या महायुद्धानंतर. रशियन साम्राज्य कोसळले आणि त्याच्या पश्चिम कडेला फिनलंड, एस्टोनिया, लात्विया, लिथुआनिया व पोलंड ही राज्ये स्वतंत्र झाली. १९२० च्या फेब्रुवारीत तार्तू येथे एस्टोनियाशी झालेल्या तहापासून १९२१ च्या मार्चमधील पोलंडबरोबरच्या रीगा तहापर्यंत सोव्हिएत रशियाने एकेकाशी हद्द ठरवून घेतली. मॉस्कोत या साऱ्यांचे मिळून नाव पडले लिमिट्रोफ; कधी रुमानियाही त्यांत धरला जाई. पॅरिसला मात्र हीच राज्ये बोल्शेविक क्रांतीची लागण थोपवणारे कडे वाटत होती. दोन्ही नावे बाहेरच्यांनी दिलेली, आणि दोन्हींत या राज्यांची किंमत शेजाऱ्याच्या सोयीवरून ठरते. तिथल्या लोकांवर हा मोठाच अन्याय होता.

एकजुटीचे प्रयत्न झाले. मार्च १९२२ मध्ये पोलंड, फिनलंड, एस्टोनिया व लात्विया यांनी वॉर्सात करार केला. फिनलंडच्या संसदेने त्याला मान्यता दिली नाही. लिथुआनिया ज्यावर हक्क सांगे ते विल्नियस शहर पोलंडच्या ताब्यात गेल्यामुळे तो देश बाहेरच राहिला. १९३८ पर्यंत त्या दोघांत राजनैतिक संबंधसुद्धा नव्हते. पुढे २३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी व सोव्हिएत संघाने गुप्त मसुद्यात हा पट्टा आपसांत वाटून घेतला. वर्षभरात तिन्ही बाल्टिक राज्ये सोव्हिएत संघात ओढली गेली.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाल्यावर शब्द पुन्हा वर आला, तो फार मोठा होऊन. रशियन विचारवंत वादिम त्सिम्बुर्स्की यांनी ‘महालिमिट्रोफ’ ही कल्पना मांडली: पूर्व युरोपापासून कॉकेशस व मध्य आशियामार्गे थेट कोरियापर्यंतचा, मोठ्या संस्कृतींच्या मधला पट्टा. त्यांच्या लेखनात ही भूगोलाची संज्ञा होती. रशियन राजकीय लिखाणात ‘लिमिट्रोफ’ हा शब्द आता बहुधा हिणवण्यासाठी येतो, परक्याच्या बळावर उभ्या दुबळ्या राज्यासाठी. एस्टोनिया, लात्विया आणि लिथुआनिया २००४ मध्ये नाटोत व युरोपीय संघात गेले, तरी हे विशेषण त्यांच्यामागून सुटलेले नाही.