हरभऱ्याची आंब आणि बाटलीतला व्हिनेगर

येळवशीला आपण रानात आंबील प्यायला जातो, तेव्हा काळ्या रानातला हरभरा कोवळा असतो. त्याचे शेंडे खुडताना बोटांच्या भेगांना काय झोंबतं, ते लातूर-नांदेडच्या बाईला सांगायला नको. ती झोंबणारी आंबटाई म्हणजे आंब. आज तिचाच इतिहास सांगते. घरोघरी आलेल्या व्हिनेगरच्या बाटलीबद्दलही त्यातून बरंच उमगतं.

हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते. तिच्यातून आंबट थेंब पाझरतात. त्यांत मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्लं असतात. थंडीत दव पडलं की ती दवात उतरतात. माझी आज्जी तिन्हीसांजेला धुतलेलं पांढरं धोतर पिकावर पसरायची आणि उन्हं यायच्या आत पिळून घ्यायची. ते पाणी चिनी मातीच्या बरणीत ठेवायची, कारण पितळेत आंबट कळकतं. पोट फुगलं, अजीर्ण झालं, तोंडाची चव गेली की चमचाभर आंब पेलाभर पाण्यात घालून द्यायची.

ही रीत जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात आंबेला चणकाम्ल म्हटलं आहे. ती अजीर्णावर आणि पोटातल्या कळेवर सांगितली आहे, आणि ती दात आंबवते हेही तिथं लिहिलं आहे. इंग्रजी अमलात जॉर्ज वॉट यांनी १८८९ पासून भारतातल्या उपयोगी वस्तूंचा मोठा कोश छापला. त्यातही हरभऱ्याच्या या आंबट दवाची नोंद आहे.

बाटलीतल्या व्हिनेगरची गोष्ट वेगळी. आपल्याकडे त्याला सिरका म्हणतात. हा शब्द फारसीतून आला. उसाचा, जांभळाचा, सफरचंदाचा रस आधी आंबतो, मग त्याचं आम्ल बनतं. हे काम सूक्ष्म जिवाणू करतात, असं फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८६४ च्या सुमारास दाखवलं. या आम्लाचं नाव अॅसिटिक आम्ल. म्हणजे आंब आणि व्हिनेगर दोन्ही आंबट, पण आम्लं निराळी.

आता आज्जीच्या आंबेचीच एक गोष्ट, जी आमच्या घरात हळू आवाजात सांगतात. निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. माझ्या थोरल्या आत्याच्या पोटात उजवीकडं खाली कळ आली. आज्जीनं आंब दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. तिसऱ्या दिवशी ताप चढला, तेव्हा गाडी जुंपली. अपेंडिक्स फुटलं होतं. आत्या वाचली नाही. त्यानंतरही आज्जीनं आंब काढणं सोडलं नाही, पण नियम केला: आंब एकदाच द्यायची, आणि कळ थांबली नाही तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

आंबटानं तोंडाला पाणी सुटतं, भूक चाळवते. तेवढं खरं. पण दुखण्याचं मूळ त्यानं जात नाही. पोटातल्या अल्सरमागे बहुतेकदा एक जिवाणू असतो, हे ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं. त्यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. त्या जिवाणूवर डॉक्टरांची औषधं आहेत. जठरात आधीच जोरदार आम्ल असतं. छातीत जळजळ असताना वरून व्हिनेगर ओतला तर आग वाढू शकते.

व्हिनेगरनं अन्न जठरात जास्त वेळ रेंगाळू शकतं. म्हणून पोट भरल्यासारखं वाटतं. पण इन्सुलिन घेणाऱ्या बाईची साखर त्यामुळं अवेळी उतरू शकते. बारीक होण्यासाठी तो पिणाऱ्यांनीही ऐकावं: २०२४ मध्ये लेबनॉनमधल्या १२० तरुणांवरचा एक अभ्यास फार गाजला, पण आकड्यांत गोंधळ दिसल्यानं नियतकालिकानं २०२५ मध्ये तो मागे घेतला. बिनपाण्याचा व्हिनेगर पिऊ नका. घसा भाजतो, दातांवरचं कवच झिजतं. ‘सिंथेटिक’ लिहिलेली बाटली म्हणजे कारखान्यातल्या आम्लात पाणी घातलेलं.

आणि आंबेबद्दल शेवटचं. आज्जीच्या काळी हरभऱ्यावर फवारणी नव्हती. आता घाटेअळीसाठी औषध मारतो, ते पानांवरच बसतं आणि दवाबरोबर कापडात येतं. फवारलेल्या रानातली आंब घेऊ नका. मुतखडा असेल त्यांनीही ती टाळावी, तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं.

बरणी जपा, पण तिच्यासोबत आज्जीचा नियमही जपा. तो आम्हाला फार महागात पडला आहे.