तिसऱ्या पातळीनंतरचा खेळ

आपल्या तुकडीच्या स्मरणिकेत सहली, स्नेहसंमेलने आणि सरांच्या छड्या यांवर बरेच जण लिहितील. मी एका खेळाचा इतिहास लिहिणार आहे. हा खेळ आपल्यातल्या पाच-सहा जणांनीच खेळला, बाकीच्यांनी फक्त त्याची चेष्टा केली. पण शाळेच्या १९९० सालच्या हस्तलिखितात त्यावर एक लेख आला होता आणि त्या लेखात एक मोठी चूक होती. लेख माझा होता. इतिहास लिहायचा तर ती चूक दुरुस्त करणे आले.

खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. मे १९८९ मध्ये, आपली आठवी संपल्यावर, माझ्या मामाने अमेरिकेहून लाल रंगाचा एक खोका आणला. वर ड्रॅगनशी लढणारा वीर. आत ६४ पानांचे एक पुस्तक, ४८ पानांचे दुसरे, सहा फासे आणि फाशांवरचे आकडे रंगवायला एक मेणखडू. पट नाही, सोंगट्या नाहीत. मामा म्हणाला, “हा बोलायचा खेळ आहे.” आम्हाला वाटले, याला दुकानदाराने फसवले.

मामा बरोबर होता. एकाने सूत्रधार व्हायचे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार सांगणार, “समोर भुयार आहे, आतून ओला वास येतोय.” खेळाडू सांगणार आपण काय करतो ते. जमले की नाही हे फासा ठरवणार. एकाच पात्राची गोष्ट महिनोन् महिने चालू राहते, ते अनुभवाने पातळी-पातळीने वर चढते आणि मेले तर मेले.

ही कल्पना आली कुठून, हे मला फार उशिरा कळले. तिचे एक मूळ आपल्याकडचेच निघाले. चतुरंग इराणमार्गे युरोपात गेला आणि त्याचे बुद्धिबळ झाले. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथल्या हेलविग नावाच्या शिक्षकाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर डोंगर, नद्या आणि तोफा आणल्या. पुढे प्रशियात राइसवित्स पिता-पुत्रांनी चौकटी काढून टाकल्या आणि खऱ्या नकाशावर युद्धाचा खेळ मांडला. मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले आणि प्रशियाच्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला. त्यात दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच बसे. खेळाडूने हुकूम द्यायचा, परिणाम पंचाने सांगायचा. आपला सूत्रधार हा त्या पंचाचा पणतू.

दुसरी उडी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात पडली. १९६९ मध्ये डेव्हिड वेझली या तरुणाने ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक गावावर युद्धखेळ मांडला. त्याने खेळाडूंना फक्त सैन्ये दिली नाहीत, माणसे दिली. कोणी गावचा महापौर, कोणी सावकार, कोणी विद्यार्थी. लढाई बाजूलाच राहिली आणि सगळे एकमेकांशी कट-कारस्थाने करत बसले. वेझलीला वाटले, खेळ फसला. खेळाडूंनी मात्र पुन्हा मांडायला लावला. त्यांच्यात डेव्ह अर्नेसन होता. त्याने १९७१ च्या सुमारास ब्लॅकमूर नावाचे आपले जग उभे केले. किल्ला, त्याखालची भुयारे आणि त्यांत उतरणारी, खेळागणिक तरबेज होत जाणारी पात्रे, हे सगळे त्यात होते.

१९७२ च्या अखेरीस अर्नेसनने विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात गॅरी गायगॅक्सला हा खेळ दाखवला. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेली होती आणि तो घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवत होता. त्याने अर्नेसनची टिपणे घेतली, त्यांना नियमांचा आकार दिला आणि १९७४ मध्ये तीन पुस्तिका एका खोक्यात घालून विकायला काढल्या. किंमत १० डॉलर, प्रती १०००. त्या पुस्तिकांवर दोघांची नावे होती. पुढे नियमांची जी मोठी ‘प्रगत’ पुस्तके निघाली त्यांवर लेखक म्हणून एकट्या गायगॅक्सचे नाव आले. अर्नेसन १९७९ मध्ये कोर्टात गेला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. ज्याने खेळ सुचवला तो एक, ज्याने पुस्तक लिहिले तो दुसरा, आणि जगाला बरीच वर्षे पुस्तकवालाच ठाऊक होता.

आता आपल्या डोंबिवलीला परत येतो.

पुस्तक माझे, म्हणून सूत्रधार मी. इंग्रजी मलाही येत नव्हते, पण डिक्शनरी माझ्या घरी होती. पुस्तकाच्या सुरुवातीला एकट्याने वाचत खेळायची गोष्ट आहे. तिच्यात अलीना नावाची एक मुलगी आपल्याला मदत करते आणि बार्गल नावाचा दुष्ट मांत्रिक तिला मारतो. ती दोन पाने समजायला आम्हाला चार दिवस लागले आणि समजल्यावर कोणी बोलेना. इंग्रजीच्या धड्यातले कोणी मेले म्हणून आम्हाला तोवर कधी वाईट वाटले नव्हते.

आमच्यात एक जण होता. त्याचे नाव इथे लिहू नको, असे त्याने बजावले आहे. आपल्या वर्गाला तो पुरता ठाऊक आहे. इंग्रजीत काठावर पास होणारा, पण वाचनालयातले अर्नाळकर, नाथमाधव, भागवत सगळे संपवलेला. पुस्तक त्याला वाचता येईना, म्हणून त्याने पुस्तकातल्या गोष्टींना आपली नावे दिली. पात्राची ताकद म्हणजे ‘जीव’. “तुझे किती जीव उरले?” विषारी सुईपासून बचाव होतो का, हे बघायला टाकायचा फासा म्हणजे ‘वाचलो-मेलो’. गदा घेऊन लढणारा धर्मगुरू म्हणजे ‘भटजी’. आम्ही हसलो, पण आठवड्याभरात सगळे तेच शब्द वापरू लागले.

गणपतीच्या सुमारास आमची पात्रे तिसऱ्या पातळीला पोचली आणि पुस्तक संपले. त्या लाल खोक्यात नियम फक्त तिसऱ्या पातळीपर्यंतच होते. चौथीपासून पुढे दुसरा खोका घ्यायचा होता. मामा दोन वर्षे येणार नव्हता. मी म्हणालो, आता पहिल्यापासून खेळू. तो म्हणाला, “कशाला? पुढचं मी सांगतो.”

पुढचे चार महिने त्याने सांगितले. त्याचे भुयार मलंगगडाच्या पोटात होते. शाळेच्या गच्चीवरून तो सुळका दिसायचा, त्यामुळे आम्ही दर मधल्या सुट्टीत वर जाऊन पुढचा मार्ग ठरवायचो. आत जायची वाट दुर्गाडीच्या खाडीतून होती आणि ओहोटीलाच उघडी पडायची. भुयारातला सावकार आयुष्याची वर्षे गहाण ठेवून घ्यायचा. चौथ्या पातळीचे नियम त्यानेच चौकोनी वहीत लिहिले. आज वाचले तर काही ठिकाणी ते छापील नियमांपेक्षा सुटसुटीत आहेत.

आपल्या गणिताच्या बाईंनाही या इतिहासात जागा आहे. तासाला फासे सापडले म्हणून बाईंनी ते जप्त केले आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर मांडून विचारले, “यातला वेगळा कोणता?” चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे पाच फासे म्हणजे पाच नियमित घनाकृती. दहा बाजूंचा तेवढा त्यांच्यात बसत नाही, कारण त्याच्या बाजू नियमित बहुभुज नाहीत. बाईंनी तो तास त्यावरच घेतला आणि फासे परत दिले. मला नंतर कळले, की गायगॅक्सला हे फासे मिळाले तेही शाळांना शैक्षणिक साधने पुरवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीकडून. म्हणजे शाळेसाठी बनलेली वस्तू खेळात गेली आणि खेळातून पुन्हा शाळेत आली. बाई, हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवे होते.

जानेवारी १९९० मध्ये स्नेहसंमेलनाचे हस्तलिखित निघाले. त्यात माझा लेख होता, ‘आमचा नवा खेळ’. मलंगगडाचे भुयार, सावकार, ‘वाचलो-मेलो’ सगळे त्यात होते. नाव एकट्याचे होते, माझे. ‘मी असे ठरवले’, ‘मी असा नियम केला’ अशी वाक्ये होती. मुख्याध्यापकांनी कौतुक केले. तो माझ्याकडे आला आणि एवढेच म्हणाला, “माझं नाव नाही घातलंस?” मी म्हणालो, “पुस्तक माझं आहे.”

पुढच्या रविवारी तो आला नाही. आम्ही चौघांनी दोनदा प्रयत्न केला. भुयारात एका बंद दारापाशी आमची पात्रे उभी होती आणि दारापलीकडे काय आहे ते फक्त त्याला माहीत होते. मग दहावी आली.

२०२० च्या टाळेबंदीत आपल्या वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी त्या फाशांचा फोटो टाकला. पुन्हा खेळूया, अशी टूम निघाली. तोवर जगात हा खेळ पडद्यावर खेळायची सोय झालेली होती. रोल ट्वेंटी नावाची अशी एक जागा २०१२ मध्ये सुरू झाली. कॉलेजात एकत्र राहिलेले तीन मित्र पांगले, तरी आपला खेळ चालू राहावा, म्हणून त्यांनी ती बनवली. नकाशा सगळ्यांच्या पडद्यावर दिसतो, फासेही तिथेच पडतात. अडचण यंत्राची नव्हती. सूत्रधार कोण, ही होती. सगळे म्हणाले, तू कर, पुस्तक तुझ्याकडे आहे.

मी त्याला फोन केला. तीस वर्षांनी. आधी माफी मागितली, मग कारण सांगितले. तो म्हणाला, “पाळ्या असतात, जमणार नाही.” आठ दिवसांनी निरोप आला : “जमवतो. पण ते इंग्रजी पुस्तक मध्ये आणायचं नाही.”

खेळ कसा बसवला, ते पुढच्यांच्या उपयोगासाठी नोंदवतो. दोघे डोंबिवलीत, एक पुण्यात, एक न्यू जर्सीत, एक मेलबर्नला. एक आड एक शनिवार धरला. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे नऊ आणि मेलबर्नला रात्रीचे अकरा. पण तिकडची घड्याळे वर्षातून दोनदा बदलतात आणि तीही उलट दिशेला. मेलबर्नवाल्याचे बारा वाजू लागले, म्हणून आपण साडेपाचला बसू लागलो आणि न्यू जर्सीवाला सातला उठू लागला. अडीच तासांपेक्षा जास्त खेळायचे नाही. तिघे हजर असले की सुरू करायचे, गैरहजराचे पात्र तापाने आजारी आहे असे समजायचे. गेल्या वेळी काय झाले ते दर वेळी वेगळ्याने सांगायचे. हा शेवटचा नियम सगळ्यांत कामाचा ठरला, कारण तेवढ्या वेळात उशिरा येणारे पोचतात आणि कोणाला काय आठवते तेही कळते.

पहिल्या शनिवारी त्याने सुरुवात केली, “तुम्ही दारापाशी उभे आहात.” दारापलीकडे काय होते ते सांगत नाही. खेळ अजून चालू आहे आणि आता दोन मुलगे, एक मुलगीही त्यात आहेत. माझ्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारले, “जीव किती देणार?” तो शब्द तिला कोणी शिकवला नव्हता, तिने तो मागे बसून ऐकला होता.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्याला वाचून दाखवला. त्याने एक दुरुस्ती सांगितली. मलंगगडाच्या पोटातला तो मोठा नकाशा, ज्याचे सगळे श्रेय मी मनातल्या मनात त्याला देऊन बसलो होतो, तो त्याने काढलेलाच नव्हता. तो आपल्याच वर्गातल्या, तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीने भूगोलाच्या तासाला काढून दिला होता. ओहोटीला उघडी पडणारी वाटही तिचीच. गच्चीवर मुली येत नसत, म्हणून आम्ही तिला कधी खेळाडू धरलेच नाही. तीस वर्षे तिला श्रेय मिळाले नाही, हे माझ्या लक्षातही आले नव्हते.

तेव्हा १९९० च्या हस्तलिखितातला माझा लेख असा दुरुस्त करून वाचावा : पुस्तक माझे होते. तिसऱ्या पातळीनंतरचा खेळ त्याचा होता. नकाशा तिचा होता. बाईंनी फासे परत दिले नसते, तर यातले काहीच झाले नसते.

ज्या मुलीचा नकाशा होता तिने हे वाचले तर कळवावे. पाचांची जागा आहे, पण सहाव्या पात्राचा कागद तयार ठेवला आहे. संमेलनाच्या दिवशी दुपारी, जेवणानंतर, आपल्या जुन्या वर्गात मी लाल खोका घेऊन बसणार आहे. वीस बाजूंच्या फाशाचे कोपरे झिजलेत, त्यामुळे तो पडतो आणि थांबायचे नाव घेत नाही. तरी चालेल.

— दहावी ‘ब’, १९९१