हाकाऱ्यांची हजेरी कुठं लागली?

शिकारीचा इतिहास बंदूकवाल्यानंच लिहिला. वाघ किती फूट किती इंच भरला, गोळी कुठं लागली, चंद्र किती वाजता उगवला, सगळं त्यानं टिपून ठेवलं. रान कुणी उठवलं? तर शे-दीडशे नेटिव्ह. संपलं. आपण मिलमध्ये राबणारी माणसं. मस्टरवर नाव नसलं की पगार नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. हा लेख त्या शे-दीडशेंच्या मस्टरबद्दल आहे.

जुनं मढं कशाला उकरता, असं कुणी म्हणेल. दोस्तांनो, या मस्टरवर आज जमिनीचा आणि जंगलाचा दावा उभा राहू शकतो. तो कसा, ते शेवटी सांगतो.

आधी मुलुख समजून घेऊ. कळसाडी आज नंदुरबार जिल्ह्यात. हा जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून निघाला. धुळे म्हणजे जुना पश्चिम खानदेश, आणि तो १९०६ साली अख्ख्या खानदेशातून तोडलेला. वर सातपुडा, खाली तापी. डोंगरात भिल्ल, पावरा. सपाटीला कुणबी-पाटलांची गावं आणि गावकुसाबाहेर आपण. १८१८ ला पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. तेव्हा इथं वाघ खरंच फार होता. १८२२ साली जंगली जनावरांनी ५०० माणसं आणि २०,००० गुरं मारल्याची नोंद खानदेशच्या गॅझेटियरात आहे. म्हणून वाघ मारणारा साहेब गावाला नकोच होता असं म्हणणं खोटं होईल. ज्याचं पोर वाघानं उचललं त्याला बंदूकवाला देवच वाटणार. हे मान्य करू, मगच पुढं जाऊ.

१८२५ ला जेम्स औट्रम नावाचा बावीस वर्षांचा लष्करी अधिकारी खानदेशात आला. डोंगरातले भिल्ल सरकारला जुमानत नव्हते. त्यांनाच भरती करून भिल्ल पलटण उभी करायची होती. औट्रम त्यांच्याबरोबर रानात राहिला, वाघाच्या शिकारी केल्या, विश्वास कमावला आणि धरणगावला पलटण उभी राहिली. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी २३५ वाघ मारले. त्यातले ४४ तो हजर नसताना मारलेले. म्हणजे १९१ वाघांना औट्रम स्वतः हजर. हिशोब बघा किती चोख ठेवलाय. कुठला वाघ साहेबाच्या गैरहजेरीत मेला, तेसुद्धा वेगळं काढलंय. पण त्या १९१ वेळा वाघाचा माग कुणी काढला, झाडीत पहिला पाय कुणी टाकला, याचा असा हिशोब नाही. आणि शिकारीच्या दोस्तीतून जमलेली ही पलटण १८३० ला डांगच्या भिल्लांवरच घातली गेली. शिकार ही भरतीची सोय होती, हे ध्यानात ठेवा.

औट्रम नोकरीवर आलेला. नुसत्या शिकारीसाठी बोटीत बसून येणारा पाहुणा नंतरचा. १८६९ ला सुएझचा कालवा उघडला, विलायत जवळ आली. मुंबईची आगगाडी घाट चढून खानदेशात पोचलेलीच होती. आता पैसेवाल्या गोऱ्याला घरी बसून बेत आखता येऊ लागला. रायफली कुठल्या, काडतुसं किती, तंबू, औषधं, दारू. हंगाम कुठला? थंडीत साहेबाला बरं वाटतं, पण वाघ सापडतो चैत्र-वैशाखात. पानं झडलेली, नाले आटलेले, वाघ उरल्यासुरल्या पाण्याला धरून. म्हणजे शिकारीचा हंगाम तोच जो आपल्या लोकांच्या उपासमारीचा हंगाम. पाणी आटलं की वाघही सापडायचा आणि चार आण्यांना माणूसही.

बेताची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ओळखीचं पत्र. पाहुण्याचं पत्र कलेक्टरला. कलेक्टरचा हुकूम मामलेदाराला. मामलेदाराचा पाटलाला. पाटलाचा महाराला आणि जागल्या भिल्लाला. वर इंग्रजीत सुटलेला कागद खाली येईपर्यंत कागद राहत नसे, नुसतं तोंडचं बोलणं उरे: साहेब येतोय, रान उठवायचंय. कागदच नाही तर मजुरीची पावती कुठली?

यात आपल्या आजा-पणजाचं काम कोणतं होतं ते स्पष्ट सांगतो. दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराचं सामान पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत न्यायचं, वाट दाखवायची, लाकूडफाटा आणायचा, घोड्याला चारा घालायचा, निरोप घेऊन पळायचं. ही महाराची वतनी कामं. दिवस-रात्र नाही, ऊन-पाऊस नाही. एक माणूस आजारी तर घरातला दुसरा. याला ते वतन म्हणत, आपण वेठ म्हणतो. अंमलदाराच्या दौऱ्यात शिकार आली की ती वेठ रानापर्यंत लांबायची. मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्त करायचं बिल मांडलं ते याच वेठीच्या मुळावर घाव म्हणून. महारकी वतनं कायद्यानं गेली ती पुढं १९५८ च्या कायद्यानं.

आणि धुळ्याजवळच्या लळिंगच्या रानातला लांडोर बंगला सगळ्यांना ठाऊक आहे. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि त्या बंगल्यावर राहिले. आजही ३१ जुलैला तिथं माणसं जमतात. रानातल्या असल्या बंगल्यांच्या अंगणापर्यंतच आपल्या लोकांनी मोळ्या वाहिल्या होत्या. तसल्या एका बंगल्यात आपला बाप पाहुणा म्हणून उतरला. नव्या पोरांना ही गोष्ट शिकारीच्या इतिहासासकट सांगा, म्हणजे तिचं वजन कळेल.

आता हाका म्हणजे काय ते बघा. वाघ कुठं बसलाय ते माग काढणारा सांगणार. आमिषाला रेडकू बांधलेलं असणार. ते वाघानं मारलं की दुसऱ्या दिवशी साहेब मचाणावर चढणार, जमिनीपासून उंच. मग माणसांची रांग डफ, डबडी वाजवत, ओरडत, झाडी बडवत वाघाला मचाणाकडं रेटणार. बाजूच्या झाडांवर काही माणसं बसवलेली. वाघ वाट सोडून वळला की त्यांनी खोडावर टकटक करून त्याला परत आत घालायचा. साहेबाच्या हातात रायफल. हाकाऱ्याच्या हातात काठी, अंगावर लंगोटी. वाघ पुढं न जाता मागं फिरला तर तो कुणावर येणार? मचाणावर नाही. गोळी खाऊन वाघ झुडपात शिरला तर त्याचं रक्त बघत पुढं कुणी जायचं? तेही हाकाऱ्यानंच. जिवाची जोखीम एकाची आणि फोटोत पाय दुसऱ्याचा.

वाघ पडला की कातडं सोलायचं. ते काम काय साहेब करत नसे. इथं आपल्या समाजाची एक गंमत बघा. मेलेल्या गुराचं कातडं सोललं की माणूस विटाळला. त्याच्या सावलीचाही विटाळ. आणि वाघाचं कातडं? ते व्याघ्रजिन! त्यावर साधू बसला की पवित्र, साहेबाच्या भिंतीवर गेलं की मर्दुमकी. कातडं तेच, सुरी तीच, हात तेच. विटाळ कातड्याला कधीच नव्हता, तो हातांना चिकटवलेला होता. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी मेलेली गुरं ओढू नका असं का सांगितलं, ते या जागी उभं राहून पुन्हा वाचा.

कायद्याकडं वळू. १८७८ हे साल पाठ करून ठेवा. त्या एका सालात दोन कायदे आले. एक हत्यारांचा कायदा: देशी माणसाला हत्यार ठेवायचं तर परवाना काढा, गोऱ्याला त्यातून सूट. दुसरा जंगलाचा कायदा: रान राखीव, आत चराई, लाकूड, शिकार यांवर सरकारचा ताबा. दोन्ही एकत्र वाचले की अर्थ लागतो. डोंगरातल्या भिल्लानं पोटासाठी ससा मारला तर गुन्हा, आणि सात समुद्रापलीकडून आलेल्यानं हौसेसाठी वाघ मारला तर परवाना. १९११ च्या डिसेंबरात दिल्ली दरबार उरकून पाचवा जॉर्ज नेपाळच्या तराईत गेला आणि त्या एका शिकारीत ३९ वाघ पडले. त्याला खेळ म्हणत.

१९४७ ला साहेब गेला. शिकारीचा पाहुणा गेला नाही. आता तो अमेरिकेहून विमानानं येऊ लागला आणि त्याची सोय करायला देशी कंपन्या उभ्या राहिल्या. त्यातली नावाजलेली आपल्या नागपूरची, ऑल्विन कूपर. ती काढली विद्याचरण शुक्ल यांनी, नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९५१ ला पदवी घेतल्यावर. त्यांचे वडील रविशंकर शुक्ल तेव्हा मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री आणि त्या राज्याची राजधानी नागपूर. विद्याचरण १९५७ ला लोकसभेत गेले आणि पुढं आणीबाणीत माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, ते हेच.

आता बेत आणखी सोपा झाला. पाहुण्यानं कंपनीला पत्र टाकायचं, डॉलर भरायचे. जंगल खात्याकडून ठरावीक दिवसांसाठी शिकारीचा ब्लॉक, जनावरांचा परवाना, रायफलींचे कागद, जीप, तंबू, खानसामा, शिकारी, सगळं तयार. कातडं आणि मुंडकं पेंढा भरायला म्हैसूरच्या व्हॅन इंगेनसारख्या कारखान्यात. सरकारलाही परकीय चलन हवं होतं, म्हणून शिकारीची जाहिरात पर्यटन म्हणून झाली. १९६१ च्या जानेवारीत इंग्लंडची राणी जयपूरला पाहुणी आली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं रणथंबोरच्या रानात वाघ मारला. स्वातंत्र्याला तेरा वर्षं झाली होती. कलेक्टर बदलला, पाहुणा बदलला, चलन बदललं. हाका घालणारा तोच राहिला.

मग वाघ संपत आला. १९६९ ला दिल्लीत निसर्गरक्षणवाल्यांची जागतिक परिषद झाली, १९७० ला वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ ला वन्यजीव कायदा झाला. त्या साली मोजणीत १,८२७ वाघ निघाले. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिल्या नऊ क्षेत्रांत आपलं मेळघाट होतं. बंदी योग्यच होती. २०२२ च्या गणनेत वाघांचा सरासरी अंदाज ३,६८२ पर्यंत गेला, त्याचा आनंद आपल्यालाही आहे. पण बंदीची किंमत कुणी भरली ते विचारा. कातडी घेऊन गेलेल्या पाहुण्याला नोटीस गेली नाही. मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावं मात्र उठली. वाघ ज्यांनी हौसेनं मारला ते कुठल्याच खटल्यात नाहीत आणि ज्यांना हाक्याला जुंपलं त्यांच्यावर चोरट्या शिकारीचा संशय. नंदुरबारच्या सातपुड्यात तर व्याघ्र प्रकल्पही नाही. वाघही गेला, रानही गेलं, नोंदही गेली.

ही फक्त इथली गोष्ट नाही. केनियानं १९७७ ला शिकार बंद केली. झिंबाब्वे, नामिबिया, टांझानियात परदेशी पाहुण्याची शिकार कायद्यानं चालू राहिली. २०१५ ला झिंबाब्वेत एका अमेरिकन दंतवैद्यानं सेसिल नावाचा सिंह मारला. जगभर बोंब झाली. सिंहाचं नाव पोराटोरांना पाठ झालं. पण त्या रानाच्या कडेला ज्यांची गुरं सिंह नेतात, त्या माणसांतलं एक नाव तरी कुणाला ठाऊक आहे?

आता कामाचं बोलू. २००६ चा वनहक्क कायदा आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलावर जगणाऱ्या आदिवासींचा हक्क तो मानतो. आदिवासी नसलेल्यांनाही, म्हणजे रानाकडंच्या आपल्या वस्त्यांनाही, इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करता येतो; त्यांना तीन पिढ्यांची म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. कचेरीत सांगतात, कागद आणा. कागद कुठून आणणार? पण त्या कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. त्यात गॅझेटियर आणि सरकारी नोंदी आहेत, आणि दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांची लिहून घेतलेली जबानीही आहे. एका पुराव्यावर भागत नाही, एकापेक्षा जास्त लागतात. म्हणून दोन्ही गोळा करा.

शिकार १९७० पर्यंत चालू होती. तेव्हा जो विशीत होता तो आज पंचाहत्तरीत आहे. कळसाडीत, शेजारच्या गावात, पाड्यावर जा. भाषणं ठोकू नका. विचारा: बाबा, तुम्ही किंवा तुमच्या बापानं कधी हाका घातला का? कुठल्या नाल्यापासून कुठल्या टेकडीपर्यंत? त्या रानाला तुम्ही काय म्हणता? तेव्हा वस्ती कुठं होती, पाणी कुठलं प्यायचात? मजुरी काय मिळाली? कोण जखमी झालं? प्रत्येक उत्तर वहीत लिहा, तारीख घाला, अंगठा किंवा सही घ्या, ग्रामसभेपुढं वाचा. मुंबईत असाल तर वाचनालयात शिकारीची पुस्तकं आणि गॅझेटियर उघडा. साहेबानं आपलं नाव लिहिलं नाही, पण आपल्या नाल्यांची, टेकड्यांची, मुक्कामाच्या गावांची नावं लिहिली आहेत. वाघ कुठं पडला ते सांगताना हाकारे कुठून आले हेही त्याच्या हातून लिहिलं गेलंय. त्याची पानं आणि म्हाताऱ्याची जबानी एकमेकांशेजारी ठेवा.

हे काम या उन्हाळ्यात झालं पाहिजे. म्हातारी माणसं आपल्यासाठी थांबणार नाहीत.