एकशे पंचविसावी

इंदापूरच्या माझ्या मावशीचं रक्त बारामतीच्या लॅबमध्ये तपासलं. रिपोर्ट हातात येताच तिने विचारलं, "हे १२५ लई आहे का रे?" तिचा आकडा पलीकडच्या रकान्यात होता. १२५ हे चाचणीच्या नावातलं होतं: सीए १२५. पण प्रश्न मनात राहिला. १२५च का?

त्याचं मूळ बोस्टनमध्ये आहे. एकच खूण ओळखणारी अँटीबॉडी हवी तेवढी बनवण्याची रीत कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली काढली. तिच्या आधारे रॉबर्ट बास्ट, रॉबर्ट नॅप आणि सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी उंदरांना टोचल्या आणि तयार झालेल्या अँटीबॉडी एकेक करून पारखल्या. कॅन्सरच्या पेशीला चिकटेल, पण निरोगी अंडाशयाला शिवणार नाही, अशी त्यांना हवी होती. ती निघाली १२५वी. १९८१ साली त्यांनी ती जाहीर केली. ती ज्या पदार्थाला चिकटली तो कॅन्सर अँटिजेन १२५. आधीच्या १२४ अँटीबॉडींची मोजदाद त्या नावात तशीच राहून गेली.

१९८३ मध्ये ३५ युनिटची रेषा ठरली. अंडाशयाचा कॅन्सर असलेल्या १०१ जणींपैकी ८३ जणी तिच्या वर होत्या, निरोगी माणसांत शंभरात एखादंच.

तरी ही रेषा फसवते. पाळी, गरोदरपण, एंडोमेट्रिओसिस यांतही आकडा चढतो. आपल्याकडे तर पोटाच्या टीबीत तो शेकड्यांत जातो, पोटात पाणीही होतं. नुसत्या रिपोर्टवरून कॅन्सर ठरवून बाईला खचवू नये. तुकडा तपासल्याशिवाय निदान नाही, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं. उलट, आजार कोवळा असताना आकडा पुष्कळदा वाढलेलाच नसतो. ब्रिटनमध्ये दोन लाख स्त्रियांवर अनेक वर्षं अभ्यास झाला. धडधाकट बायकांची अशी तपासणी करत राहिल्याने मृत्यू कमी होत नाहीत, असं २०२१ मध्ये दिसलं.

या चाचणीचं खरं काम निदान झाल्यावर सुरू होतं. ऑपरेशन आणि केमोनंतर आकडा भराभर उतरला तर औषध लागू पडतंय. उतरून पुन्हा चढू लागला तर डॉक्टर सावध होतात. एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल बोलते.

मावशी आता प्रत्येक केमोनंतरचा आकडा कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते. मागच्या तीन नोंदी उतरत्या आहेत.