हस्तचित्रित प्रतिकृती (मध्ययुगीन सुशोभित हस्तलिखितांच्या)

मध्ययुगीन युरोपात सोन्याचा वर्ख आणि रंगीत चित्रे यांनी सजवलेले हस्तलिखित ग्रंथ तयार होत. अशा ग्रंथांतील पानांची हाताने रंगवून केलेली नक्कल म्हणजे हस्तचित्रित प्रतिकृती. संपूर्ण ग्रंथ, एखादे लघुचित्र, अलंकृत आद्याक्षर किंवा पानाभोवतीची वेलबुट्टी यांपैकी कशाचीही प्रतिकृती केली जाते. मूळ ग्रंथ आगीत वा युद्धात नष्ट झाले, तेव्हा काही चित्रांची एकमेव साक्ष अशा नकलांमुळेच उरली.

मध्ययुगातील नकला : ग्रंथ हातानेच लिहिला जाई, त्या काळात मजकुराप्रमाणे चित्रांचीही नक्कल होई. उट्रेख्ट साल्टर हा स्तोत्रग्रंथ इ. स. ८२०–८३५च्या सुमारास फ्रान्समधील रॅंस परिसरात तयार झाला. त्यात तपकिरी शाईने काढलेली १६६ रेखाचित्रे आहेत. सन १०००च्या सुमारास तो इंग्लंडमधील कँटरबरी येथे होता आणि पुढील दोन शतकांत तेथे त्याच्या तीन नकला झाल्या. पहिलीत रंगीत शाईच्या रेषा आल्या. सन १२००च्या सुमाराच्या तिसरीत तीच दृश्ये भरीव रंगांत आणि सोन्यात उतरली. नक्कल करणारे मूळ रचनेशी निष्ठा राखत, पण तिला आपल्या काळाच्या अभिरुचीचा पेहराव चढवत, हे या मालिकेत स्पष्ट दिसते.

अभ्यासकांच्या नकला : सतराव्या शतकात नकलेचा हेतू बदलला. फ्रेंच विद्वान पेरेस्क यांनी १६१८च्या सुमारास ‘कॉटन जेनेसिस’ हे प्राचीन सचित्र हस्तलिखित इंग्लंडमधून अभ्यासासाठी मागवले आणि दानिएल राबेल या चित्रकाराकडून त्यातील चित्रांच्या नकला करवून घेतल्या. १७३१मध्ये लंडनच्या ॲशबर्नहॅम हाउसला लागलेल्या आगीत मूळ ग्रंथाचे केवळ करपलेले तुकडे उरले. राबेलच्या दोन जलरंगी नकला पॅरिसला सुरक्षित आहेत.

सर्वांत बोलके उदाहरण ‘होर्टुस डेलिसिआरुम’ या ग्रंथाचे आहे. अल्सेसमधील होहेनबुर्ग मठाची प्रमुख हेराड हिने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा ज्ञानकोश सिद्ध केला. त्यात तीनशेहून अधिक चित्रे होती. ऑगस्ट १८७०मध्ये स्ट्रासबूर्गवरील तोफमाऱ्यात तेथील ग्रंथालयासह तो जळून गेला. आधीच्या दशकांत एंगेलहार्ट, काउंट द बास्तार आणि इतर अभ्यासकांनी त्यातील चित्रांच्या नकला करवून ठेवल्या होत्या. त्यांच्या आधारे १९७९मध्ये लंडनच्या वॉर्बर्ग इन्स्टिट्यूटने ग्रंथाची पुनर्रचना प्रसिद्ध केली. अनेक नकला केवळ रेषांच्या असल्याने पुष्कळ चित्रांचे मूळ रंग मात्र कायमचे हरवले.

तंत्र : पारंपरिक प्रतिकृती चर्मपत्रावर करतात. वासराचे, बकऱ्याचे किंवा मेंढीचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून, चौकटीवर ताणून, खरवडून ते तयार होते. अक्षरे पिसाच्या लेखणीने लिहून झाल्यावर चित्राची रेखा काढतात. त्यानंतर सोने चढवतात, कारण घोटताना शेजारचा ओला किंवा नाजूक रंग खराब होण्याची भीती असते. जिप्सम, शिशाचा सफेदा, सरस आणि थोडी साखर किंवा मध यांचे मिश्रण सोन्याच्या जागी उंचवटा येईल असे लावतात. ते वाळले की त्यावर तोंडाची वाफ सोडून किंचित ओलसर करतात, वर्ख दाबून बसवतात आणि अकीकाच्या दगडाने घोटतात. उंचवट्यामुळे पान हलेल तसे सोने वेगवेगळ्या कोनांतून झळकते. सपाट छपाईत हा परिणाम साधत नाही.

रंगांसाठी हिंगूळ, शेंदूर, हरताळ, जंगाल आणि शिशाचा सफेदा वापरत. सर्वांत मौल्यवान निळा अफगाणिस्तानातील बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून मिळे. हे रंग अंड्याच्या पांढऱ्या बलकात किंवा डिंकाच्या पाण्यात कालवत. आधी सपाट थर, मग गडद छटा, शेवटी पांढऱ्या रंगाची बारीक उठावरेषा आणि बाह्यरेषा, असा क्रम सामान्यतः असतो. हिंगुळात पारा, हरताळात आर्सेनिक आणि सफेद्यात शिसे असल्याने आजचे कलाकार पुष्कळदा निर्धोक पर्यायी रंग आणि कृत्रिम निळा वापरतात.

एकोणिसावे शतक आणि पुनरुज्जीवन : या काळात इंग्लंडमध्ये केलेब विंग (१८०१–७५) हा निष्णात नकलाकार होता. संग्राहक जॉन बॉयकेट जार्मन यांच्या पुराने खराब झालेल्या हस्तलिखितांची दुरुस्तीही त्याने केली. रंगीत शिलामुद्रण आल्यावर हातनकलेची व्यावहारिक गरज ओसरली. पण एडवर्ड जॉन्स्टन यांच्या १९०६च्या सुलेखन आणि ग्रंथसजावटीवरील पुस्तकाने हस्तकला म्हणून तिला नवे बळ दिले. १९२१मध्ये लंडनला सुलेखनकारांची व ग्रंथसजावटकारांची संस्था स्थापन झाली.

प्रतिकृती आणि बनावट : ‘स्पॅनिश फोर्जर’ या नावाने ओळखला जाणारा अज्ञात चित्रकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जुन्या चर्मपत्रांवर ‘मध्ययुगीन’ चित्रे रंगवत असे. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयाच्या बेल दा कोस्टा ग्रीन यांनी ही बनावट ओळखून त्याला हे नाव दिले. मध्ययुगात अस्तित्वातच नसलेला ताम्र-आर्सेनिकयुक्त हिरवा रंग त्याच्या चित्रांत सापडतो. प्रशियन निळा किंवा टायटॅनियमचा पांढरा आढळला, तरी चित्र किंवा त्यावरील रंगकाम नंतरचे असल्याचे ठरते.

मूल्यमापन : उच्च दर्जाच्या छायाचित्रणाने रंग आणि तपशील अचूक टिपता येतात; नकलाकाराच्या हातून मात्र चेहरे, घड्या आणि रेषा नकळत त्याच्या काळाच्या होतात. म्हणून पुरावा म्हणून हातनक्कल वापरताना ती दुसऱ्या नकलेशी ताडून पाहावी लागते. मात्र सोने कसे बसते, रंगांचे थर कोणत्या क्रमाने चढतात, हे ज्ञान हाताने करूनच टिकते आणि त्यासाठी ही कला जिवंत राहणे आवश्यक आहे. मूळ हस्तलिखिताचे नाव व ग्रंथालयातील क्रमांक, प्रतिकृतीचे वर्ष आणि नकलाकाराची सही ज्या पानामागे स्पष्ट लिहिलेली असते, तीच प्रतिकृती प्रामाणिक आणि अभ्यासाला उपयोगी मानावी.